फाटलें कीं फाडलें?

टेअर, टोअर, टॉर्न! हीं तीन रूपें पाठ केल्यावांचून आमच्या वर्गांतून कोणी सहसा पुढें जात नाहीं. प्रतिवर्षीं कोणीतरी ‘टेअर’चा उच्चार ‘टिअर’ असा करून वर्गास हंसवितो. कारण इंग्रजींत फाडणें आणि अश्रु या दोन्ही शब्दांचीं अक्षरें एकच, उच्चार मात्र निराळे. या लहानशा शब्दाच्या पायीं आम्हांस एकदां जो धडा मिळाला, तो विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गास आम्हीं ‘उन्हाळ्यांतील शेत’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहावयास सांगितला. सावनेरजवळच्या खेड्यांतील एका कास्तकाराच्या मुलानें लिहिलें होतें कीं, वैशाखांत काळी जमीन स्वतःचें अंग स्वतःच फाडते आणि पावसाची वाट पाहात तोंड उघडून पडते. तें वाक्य इतकें सुरेख होतें कीं, तें त्याचें स्वतःचें असेल यावर आमचा विश्वास बसेना. ‘कोठून उतरविलेंस?’ असें आम्हीं विचारिलें. तो मान खालीं घालून उभा राहिला. त्याचें मौन हीच कबुली असें समजून आम्हीं सर्व वर्गादेखत तें पान टरकाविलें. त्याच्या डोळ्यांतील पाणी वहीवर पडलें, तें आम्हीं पाहिलें आणि न पाहिल्यासारखें केलें.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले व नम्रपणें म्हणाले, ‘गुरुजी, पोराच्या वहीचं पान फाटलं म्हणते. नवी वही घ्या लागते काय?’

‘नको, चिकटवितां येईल,’ एवढेंच आम्ही बोललों.

ते गेल्यावर तो शब्द कानांत घुमूं लागला. मुलानें घरीं ‘फाटलें’ असें सांगितलें होतें. ‘फाडलें’ असें नव्हे. एका अक्षरानें त्यानें आपल्या गुरूची लाज राखिली होती, आणि आम्हीं त्याच अक्षराआड तोंड लपविलें होतें!

त्या रात्रीं आम्ही शब्दकोश उघडून बसलों. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. त्यांत हीं दोन क्रियापदें वेगळालीं दिलेलीं आहेत. तुटणें-तोडणें, फुटणें-फोडणें, सुटणें-सोडणें, तसेंच फाटणें-फाडणें. कापड जुनें होऊन फाटतें, दूध फाटतें, आभाळ फाटतें. तेथें कोणाचा हात नसतो. पण ‘फाडलें’ म्हटलें कीं, ‘कोणीं?’ हा प्रश्न आलाच. इंग्रजीचा ‘टेअर’ मात्र दोन्ही अर्थांनीं चालतो.

या ‘टेअर’चें कुळ शोधूं गेल्यास तें आपल्याच अंगणांत येतें. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मूळापासून निघाल्या असाव्यात, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास सांगितलें. पुढें १८२२ सालीं याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें वर्णबदलाचे नियम मांडिले. त्यांप्रमाणें संस्कृतांतील ‘द’च्या जागीं इंग्रजींत ‘ट’ येतो: द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ. त्याच न्यायानें ‘टेअर’ हा संस्कृत ‘दृ’ धातूचा भाऊबंद ठरतो. विदारण, विदीर्ण हे शब्द याच धातूचे. डोंगरांतील दरीही त्याचीच. म्हणजे भेगाळलेल्या जमिनीसाठीं त्या मुलानें योजिलेला शब्द मुळाशीं धरूनच होता! अश्रुवाचक ‘टिअर’चें मूळ मात्र निराळें, व्याकरणदृष्ट्या त्या दोहोंचें नातें नाहीं. परंतु त्या दिवशीं आमच्या वर्गांत तें जडलें होतें.

दुसरे दिवशीं वर्गासमोर उभें राहून आम्हीं सांगितलें, ‘पान फाटलें नाहीं, तें आम्हीं फाडलें, आणि तें चुकीचें झालें.’ वर्ग स्तब्ध झाला. मग त्या मुलास जवळ बोलावून आम्हीं विचारिलें कीं, तें वाक्य त्यास कसें सुचलें. तो हळूच म्हणाला, ‘आजी असंच बोलते, सर. मी फक्त डिक्शनरीत पाहून इंग्रजी केलं.’ काल तो गप्प कां राहिला, हें तेव्हां उमगलें. आजीचें वाक्य म्हणजे उतरविलेलेंच कीं काय, हें त्याचें त्यालाच कळत नव्हतें! येत्या बाजाराच्या दिवशीं त्याच्या वडिलांस गांठून त्यांनाही आम्हीं खरें काय तें सांगितलें.

तें पान आम्हीं स्वतः खळीनें चिकटविलें. सांधा दिसावयाचा तो दिसलाच. पण निबंध पुन्हां वाचतां येऊं लागला.

बालमित्रहो, घरीं कपबशी फुटते, सदरा फाटतो, पेन्सिल तुटते. तेव्हां सांगण्यापूर्वीं क्षणभर थांबून ‘ट’ कीं ‘ड’ हें मनाशीं ठरवा. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनीं तर तें आधीं ठरवावें.