जुन्या अलॉय चाकांविषयी चार शब्द

आपल्या समाजाला काटकसर शिकवावी लागत नाही. कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आपल्या शनवार तेली पूर्वजांनी घाण्याची लाट झिजली म्हणून लगेच नवी आणली असेल, असे मला वाटत नाही. अमेरिकेत आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांनीही पहिले टेबल, पहिला सोफा आणि पहिली मोटार जुनीच घेतली. त्यात कमीपणा काही नाही. परंतु जुने टेबल लटपटले तर फार तर चहा सांडेल. हमरस्त्यावर ताशी 65 मैलांच्या वेगात मोटारीचे चाक लटपटले तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून जुन्या अलॉय चाकांविषयी थोडे लिहितो.

निमित्त माझ्या भाच्याचे. तो न्यू जर्सीत राहतो. त्याची 2012 सालची टोयोटा कॅमरी साध्या पोलादी चाकांची. एका गृहस्थाकडून त्याने 2014 सालच्या होंडा अकॉर्डची चार अलॉय चाके दोनशे डॉलरांस घेतली. "मामा, दोन्ही गाड्यांना पाचच नट आणि भोकांचे अंतरही तेच. संध्याकाळी बसवून टाकू," तो म्हणाला. मी म्हटले, "बाळा, याच गाडीतून तू दर आठवड्याला तुझ्या आईला डॉक्टरकडे नेतोस. ही संध्याकाळ आपण नुसती पाहण्यात घालवू."

त्याचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते. दोन्ही गाड्यांच्या भोकांचे वर्तुळ 114.3 मिलिमीटरचे, म्हणजे साडेचार इंचांचे आहे. मात्र हे डोळ्यांनी ठरवू नये. काही जर्मन गाड्यांचे वर्तुळ 112 मिलिमीटरचे असते. शेजारच्या दोन भोकांत मोजले तर या दोहोंत दीड मिलिमीटरचाही फरक नसतो. नट ओढूनताणून बसतात, पण स्टडवर कायमचा तिरका ताण राहतो.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. कॅमरीच्या हबचा व्यास 60.1 मिलिमीटर, तर होंडाच्या चाकाचे भोक 64.1 चे. ही चार मिलिमीटरची फट तशीच ठेवली तर चाक हबवर नेमके मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागते. लाट उखळात ढिली बसली तर घाणा कसा डुगडुगेल, तसेच हे. यावर उपाय स्वस्त आहे. त्या मापाची कडी मिळते, ती मध्ये बसवावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नटाची. कॅमरी आणि अकॉर्ड या दोन्हींच्या नटांचे आटे सारखेच, 12 मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर अंतराचे. म्हणून कॅमरीचा नट होंडाच्या चाकात बिनतक्रार फिरतो आणि माणूस फसतो. पोलादी चाकाच्या नटाचे टोक शंकूसारखे निमुळते असते. होंडाच्या अलॉय चाकातील बैठक मात्र गोलाकार, वाटीसारखी. वाटीत शंकू टेकला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, पण चार दिवसांत ढिला पडतो. त्या चाकांना होंडाचेच गोल बैठकीचे नट हवेत. ते बोटांनी सात-आठ फेरे सहज फिरले पाहिजेत.

मग आम्ही चाके उलटी करून धुतली. तिसऱ्या चाकाच्या आतल्या बाजूस, ब्रेकच्या काळ्या भुकटीखाली, केसाएवढी चीर निघाली. हिवाळ्यानंतर इकडच्या रस्त्यांना पडणाऱ्या खड्ड्यांचा मार आतल्या कडेलाच बसतो आणि बाहेरून चाक चकचकीतच दिसते. "वेल्डिंग करून घेऊ का?" भाच्याने विचारले. मी नको म्हटले. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागची मूळ ताकद जाते आणि पुढची चीर शेजारीच पडते. ते चाक भंगारात गेले आणि त्याने तसेच दुसरे विकत आणले. नव्याने रंगविलेले जुने चाक घेतानाही हाच विचार करावा, कारण रंगाखाली काय दडले आहे ते दिसत नाही. चाकाच्या पाठीवरील ऑफसेटचा आकडाही पाहावा. तो फार वेगळा असेल तर चाक आत ब्रेकला किंवा बाहेर मडगार्डला घासते.

अमेरिकेत आणखी एक बाब आहे. सन 2000 च्या कायद्यानुसार नियम झाला आणि 2008 च्या मॉडेलपासून येथील सर्व नव्या मोटारींत टायरमधील हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा आली. 2014 च्या अकॉर्डच्या चाकांत हवेचे सेन्सर नसतात, कॅमरीला तर ते लागतात. ते दुकानातून जुन्या चाकांतून काढून बसवून घेतले. जुन्या टायरवरील शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही वाचावेत.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला. स्टडला तेल लावले नाही, कारण आवळण्याचे माप कोरड्या आट्यांसाठी असते. नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे, टॉर्क पान्याने 76 फूट-पौंडांवर आवळले. कॅमरीचे माप तेच आहे. पन्नास मैलांनंतर पुन्हा तपासले, तेव्हा दोन नट किंचित फिरले. म्हणूनच हा दुसरा तपास टाळू नये.

सर्व मिळून खर्च दोनशेचा तीनशे साठ झाला. भाचा थोडा हिरमुसला होता. मी त्याला तोराहातील आज्ञेची आठवण करून दिली: नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा घाल, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. अनुवादाच्या 22 व्या अध्यायात ती आहे. आता आपल्यापैकी थोड्यांच्याच घराला धाबे असते, पण मोटार प्रत्येकाच्या दारात आहे आणि तीत आपलीच माणसे बसतात. तेव्हा वाचकहो, जुनी चाके जरूर घ्या. फक्त ती उलटी करून, धुऊन, मोजून घ्या आणि पन्नास मैलांनी पुन्हा एकदा पाना लावा.