मुक्कामाची वही

उर्दूत ज्याला कारवाँ किंवा काफिला म्हणतात, त्याला मराठीत तांडा म्हणतात. पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरच्या मुलखांत जात. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. कारवाँ हा फारसी शब्द पुढे युरोपात गेला, इंग्रजीत शिरला आणि 'कॅराव्हॅन' होऊन आपल्याकडे परत आला. ज्या गाडीत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असते, तिला आता कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी वेगळे धोरणही आणले.

घाटकोपरला आमच्या चाळीत, आमच्या शेजारी एक चाचा राहतात. त्यांचे कुर्ल्याला गाड्या दुरुस्त करण्याचे दुकान होते. त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी काढून त्यांनी तिच्यात दोन फळ्यांचे बिछाने, भांड्यांचे एक कपाट आणि शेगडीसाठी एक कोनाडा करून घेतला. हीच आमची कॅराव्हॅन! वर्षातून दोनदा आम्ही तिच्यातून बाहेर पडतो. गाडीत चौघेच झोपू शकतात, म्हणून दोन तंबूही बरोबर असतात.

तंबू, झोपण्याच्या पिशव्या, शेगडी, पाण्याचे पिंप, दिवे, दोरखंड असे बरेच सामान होते. एवढे सामान घेऊन फिरायचे म्हणजे ते सांभाळणे आलेच. घराला भिंती असतात, शेजारी असतात. रस्त्यावरच्या गाडीला यांतले काहीच नसते. म्हणून चाचांनी काही नियम घालून दिले आहेत.

पहिला नियम असा, की आदल्या रात्री गाडीत सामान भरायचे नाही. उपनगरांत गाडी ठेवायला जागा कुठे असते? घाटकोपर काय, मुलुंड काय, अंधेरी काय, पुष्कळ गाड्या रात्रभर रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात. सामानाने भरलेली गाडी रात्रभर तशी उभी करणे म्हणजे चोराला आमंत्रण देणे. म्हणून आम्ही पहाटे चार वाजता उठतो आणि जिन्यावरून एकेक वस्तू खाली आणतो. परत येतानाही कितीही उशीर झाला, कितीही दमलो, तरी आधी गाडी रिकामी करायची आणि मगच अंघोळ.

दुसरा नियम, सामान दिसू द्यायचे नाही. "चोर कुलूप पाहून येत नाही, सामान पाहून येतो," असे चाचा म्हणतात. म्हणून काचांना आतून पडदे आहेत आणि टपावर काहीही बांधलेले नसते. तिसरा नियम, प्रत्येक वस्तूवर तेलरंगाने खूण करायची. आमच्या तंबूच्या पिशवीवर हिरवा चाँद आहे, शेगडीच्या तळाशीही तो आहे. खूण असलेली वस्तू विकणे चोराला कठीण जाते आणि ती सापडली, तर आपली म्हणून ओळखता येते. चौथा नियम, रात्री तंबूबाहेर काही ठेवायचे नाही. जे आत मावत नाही, ते साखळीत ओवून गाडीच्या चाकाला कुलूप लावून बांधायचे. पाचवा नियम, गाडी थांबली की एकाने गाडीजवळच राहायचे.

चोर नेहमी दोन पायांचेच असतात असेही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांपाशी एकदा आम्ही डबे उघडले, तेव्हा एका माकडाने आमच्या डोळ्यांदेखत पोळ्यांचा डबा पळवला. तेव्हापासून खाण्याची पिशवीही कुलपात असते.

पण या सगळ्या नियमांपेक्षा चाचांचा जीव ज्यात आहे, ती म्हणजे एक वही. तिच्यात सामानाची यादी आहे आणि यादीपुढे रकाने आखलेले आहेत. मुक्काम आला की मोजदाद, मुक्काम हलला की मोजदाद. वस्तू हाताने धरून पाहायची आणि मगच बरोबरची खूण करायची. वर तारीख आणि वेळ लिहायची. आमचा भाचा या वहीला फार हसत असे. "चाचा, आपण सहलीला निघालो की दुकानाचा हिशेब करायला?" असे तो म्हणे. चाचा काही बोलत नसत. पेन्सिल त्याच्याच हातात देत.

एका वर्षी मे महिन्याच्या शेवटी आम्ही काजवे पाहायला भंडारदऱ्याला निघालो. पावसाआधीच्या त्या दिवसांत तिथली झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. शहापूर मागे टाकून कसारा घाट चढलो, इगतपुरीला चहा घेतला, घोटीच्या बाजारात भाजी घेतली. घोटीहून निघताना मोजदाद झाली. सगळे सामान जागेवर होते.

पुढे जलाशय दिसू लागला, तेव्हा आम्ही गाडी थांबवली. प्रवरा नदीवरचे हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. समोर पसरलेले पाणी आणि वर कळसूबाईचे शिखर! ते १,६४६ मीटर उंच आहे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. गाडीजवळ थांबण्याची पाळी भाच्याची होती. वारा आत यावा म्हणून त्याने मागचे दार उघडे ठेवले आणि पाच मिनिटांसाठी तोही पाणी पाहायला आला. त्या वेळी हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या शेतात, त्याला भाडे देऊन, आम्ही तंबू लावले. काळोख पडल्यावर शेजारच्या घरातला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा पाण्याची कळशी घेऊन आला. गाडीतले कपाट, शेगडी, पडदे हे सारे तो मोठ्या कुतूहलाने पाहत राहिला. आम्ही त्याला बिस्किटे दिली. मग त्यानेच आम्हाला काजव्यांची झाडे दाखवली. त्या रात्री कोणाला दिव्याची आठवणही झाली नाही, कारण काजवे पाहायचे तर दिवे विझवावे लागतात.

सकाळी मोजदाद करताना मोठा विजेचा दिवा मिळेना. तो चाचांनी स्वतः जोडून तयार केला होता. बिछाने उचलले, कपाट रिकामे केले, तंबू झाडले. दिवा नव्हता. भाचा म्हणाला, "काल तो मुलगा दारापाशी किती वेळ उभा होता! त्यानेच नेला असणार."

तेवढ्यात तो मुलगा दुधाचे भांडे घेऊन बांधावरून येताना दिसला. त्याची आई मागे होती. भाच्याचे शब्द तिने ऐकले असावेत, कारण ती जागीच थबकली. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. छोट्या गावात 'चोर' हा शब्द एकदा कोणाला चिकटला की तो पुसता पुसत नाही. उद्या दुसरे पाहुणे आले असते, तर त्या मुलाला कळशी घेऊन कोणी पाठवले असते का? आणि पाहुण्यांच्या चार पैशांवरच तर त्या घराचा उन्हाळा चालत होता.

चाचा एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी वही उघडून भाच्याच्या हातात दिली. कालच्या शेवटच्या रकान्यावर भाच्याच्याच अक्षरात लिहिले होते: 'संध्याकाळ, सहा वाजता'. त्या रकान्यात दिव्यापुढची जागा कोरी होती. दिवा बिछान्याखाली असेल, नंतर पाहू, असे समजून भाच्याने ती तशीच सोडली होती. मुलगा आला तेव्हा सात वाजून गेले होते. म्हणजे तो येण्याआधीच दिवा गेला होता. घोटीच्या रकान्यात खूण होती, शेतातल्या रकान्यात नव्हती आणि या दोहोंच्या मध्ये होते ते पाण्याकाठचे उघडे दार.

भाचा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग तो स्वतः त्या माउलीसमोर गेला आणि म्हणाला, "ताई, माझं चुकलं. तुमच्या मुलाने काही घेतलेलं नाही." तिने नुसती मान हलवली आणि दुधाचे भांडे पुढे केले.

दिवा काही परत मिळाला नाही. आम्ही जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार मात्र दिली. प्रवासात चोरी झाली, तर ती कोणत्या हद्दीत झाली याचा घोळ होतो. त्यासाठी आता कायद्यात सोय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि खबर देणाऱ्याला तिची प्रत मोफत मिळते. संकटाच्या वेळी ११२ हा क्रमांक लावता येतो. गाडीचा विमा साधारणपणे गाडीपुरताच असतो, आतल्या सामानाची भरपाई त्यात बहुधा नसते. म्हणून आता आम्ही वस्तूंचे फोटो आणि पावत्या मोबाइलमध्ये जपून ठेवतो. पण वही सुटलेली नाही, आणि आता तिची पेन्सिल भाचा मागून घेतो.

पुढे मला एक गोष्ट वाचायला मिळाली. शाहजहानच्या काळात इटलीतल्या व्हेनिसहून भारतात आलेल्या मनुची नावाच्या प्रवाशाने इथल्या सराईंविषयी लिहिले आहे. सराईचा दरवाजा रात्री बंद होई. पहाटे तो उघडण्याआधी पहारेकरी तीन वेळा मोठ्याने ओरडून सांगे, की प्रत्येकाने आपापले सामान पाहून घ्यावे. कोणाचे काही हरवले असेल, तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडला जात नसे. ते वाचून मला चाचांची वही आठवली. शेकडो अनोळखी माणसे एका छताखाली झोपत, आणि तरीही सकाळी एकमेकांकडे संशयाने न पाहता आपापल्या वाटेने जाऊ शकत, ती त्या तीन हाकांमुळेच.

सामान सांभाळायचे ते आपले नुकसान होऊ नये म्हणून, हे तर खरेच. पण त्याचे आणखी एक कारण आहे. आपण गाफील राहिलो आणि वस्तू गेली, की आपले बोट जवळच्या गरीब माणसाकडे पटकन वळते. कधी पाणी आणून देणाऱ्याकडे, कधी हमालाकडे, कधी घरकाम करणाऱ्या बाईकडे. वस्तू गेली, तर पैसे साठवून दुसरी घेता येते. माणसाचे नाव गेले, तर ते कोणत्या बाजारातून आणायचे?