पहिल्या डावाची आघाडी

महाराष्ट्राच्या रणजी संघाचे चाहते असणे ही चारचौघांत अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नाही. एकाच राज्यातून रणजी करंडकासाठी तीन संघ उतरतात. मुंबईच्या चाहत्यापाशी बेचाळीस विजेतेपदे आहेत. त्याने आणखी एखादे मागितले तर ते केवळ सवयीने. विदर्भाचा चाहता पूर्वी आमच्याच पंक्तीतला होता. परंतु २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये त्याने करंडक घरी नेला आणि पंक्तीतून उठून गेला. ज्या संघाच्या छातीवर सबंध राज्याचे नाव आहे, त्याचे कपाट मात्र तिघांत रिकामे. आमची दोन विजेतेपदे १९३९-४० आणि १९४०-४१ सालची. त्यानंतर देश स्वतंत्र झाला, भाषावार राज्य झाले, आम्ही जन्मलो, शिकलो, शिकवू लागलो. तिसरे विजेतेपद अजून यायचे आहे.

‘आम्ही’ म्हणजे दोघे. नाशकातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघेही चाळिशीत, दोघेही एम. ए., दोघेही सेट उत्तीर्ण. आमच्यापैकी एक कायम सेवेत आहे आणि दुसरा गेली चौदा वर्षे तासिका तत्त्वावर. हा तपशील क्रिकेटच्या लेखात कशाला, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण या संघाविषयी आम्हाला जे सांगायचे आहे, ते या तपशिलावाचून सांगता येत नाही, हे लिहिताना ध्यानात आले.

आधी थोडी पूर्वपीठिका. आमच्या दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. त्यांचा जन्म १८९२ चा. म्हणजे करंडक जिंकला तेव्हा हे गृहस्थ पन्नाशीला टेकलेले. त्याच वयात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. भाषेच्या प्राध्यापकाने मिळवून दिलेला करंडक आहे, हे आम्ही स्टाफरूममध्ये वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांना वर्षातून एकदा तरी ऐकवतो.

पुढे डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम हाताशी होता. परंतु आणखी धुलाई सोसण्यापेक्षा प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. रणजी करंडकातील ती सर्वोच्च खेळी आजही आमची आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्या सामन्याचा निकाल? अनिर्णित. दिल्लीकडून ऋषभ पंतने ३०८ धावा ठोकल्या. आमच्या संघाची कुंडली या दोन सामन्यांत मावते : वाट्याला विक्रम येतात, करंडक येत नाही.

अंतिम सामनेही आले. १९७०-७१ मध्ये मुंबईकडून हरलो. ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले. १९९२-९३ मध्ये लुधियान्यात पंजाबकडून हरलो, तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरची ती बातमी दोघांनी आपापल्या गावी वाचली होती. २०१३-१४ चा मोसम मात्र आम्ही एकत्र जगलो. गतविजेत्या मुंबईला वानखेडेवर हरवून संघ उपांत्य फेरीत गेला. केदार जाधवने त्या मोसमात १२२३ धावा केल्या. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकने आम्हाला सात गडी राखून हरवले. त्या दिवशी आम्ही एकमेकांना फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात काव्यशास्त्र होते, ते शिकवले. तेव्हापासून आशेच्या बाबतीत आम्ही काटकसरी झालो.

आता नाशिक. इथले गोल्फ क्लबचे मैदान अधिकृतपणे हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखले जाते. कान्हेरेंनी डिसेंबर १९०९ मध्ये याच शहरातील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. मैदानावर एरवी राजकीय सभा होतात. भोवतीच्या ट्रॅकवर पहाटेपासून चालणारे घाम गाळतात. आणि हिवाळ्यात कधीतरी, वेळापत्रकाची कृपा झाली तर, महाराष्ट्राचा रणजी सामना येतो. तसा तो जानेवारी २०२५ मध्ये आला. समोर बडोदा. नाशकातली थंडी, हातात कागदाच्या पुडीतले शेंगदाणे, शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले एक काका. महाराष्ट्राने २९७ आणि ७ बाद ४६४ धावा केल्या, बडोद्याला १४५ आणि १७७ धावांत गुंडाळले. विजय ४३९ धावांचा. आमच्या काटकसरीला पहिला धक्का बसला तो तिथे. काका मात्र म्हणाले, “घरी जिंकतात हो. बाद फेरीत बघू.” त्या मोसमात बाद फेरी काही गाठता आली नाही.

पण बांधणी सुरू झाली होती. विदर्भाचा रजनीश गुरबाणी, ज्याने २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली होती, तो २०२४-२५ मध्येच आमच्याकडे आला होता. २०२५ च्या मोसमापूर्वी आणखी दोघे आले. मुंबईहून पृथ्वी शॉ आणि केरळकडून जलज सक्सेना. कर्णधारपद मराठवाड्यातून आलेल्या अंकित बावणेकडे. दुसऱ्या राज्यातून असा करार करून येणाऱ्या खेळाडूला क्रिकेटच्या परिभाषेत ‘व्यावसायिक’ म्हणतात, बोलीत ‘पाहुणा’.

या पाहुण्यांवरून आम्हा दोघांत वाद झाला. आमच्यापैकी जो कायम सेवेत आहे त्याचे म्हणणे असे : बाहेरून माणसे आणून उभारलेला संघ आपला कसा? आपल्या नाशकातून सत्यजित बच्छाव, मुर्तझा ट्रंकवाला, रामकृष्ण घोष ही मुले महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. जिल्ह्याच्या मैदानांवर घासून वर आलेल्या अशा मुलांची एकेक जागा पाहुणा खातो. संघाची बांधणी मातीतून व्हावी, बाजारातून नव्हे.

दुसरा बराच वेळ गप्प होता. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “सर, चौदा वर्षं मी या विभागात काय आहे? हजेरीपटावर माझं नाव अजून वेगळ्या पानावर असतं. जूनमध्ये येतो, मार्चमध्ये सुटतो. मीही पाहुणाच ना? तुमच्या लेखी मी कुणाची जागा खाल्ली?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. चहा थंड झाला. लेखात हे लिहावे की नाही यावरही आमची चर्चा झाली. लिहावे असे ठरले, कारण त्या दिवसानंतर आम्ही या संघाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

पाहू लागल्यावर जलज सक्सेना दिसला. मूळ इंदूरचा. आधी मध्य प्रदेश, मग केरळ, आता महाराष्ट्र. रणजी करंडकात सहा हजार धावा आणि चारशे बळी अशी दुहेरी मजल मारणारा पहिला खेळाडू. हा टप्पा त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये गाठला. भारतीय संघाची टोपी मात्र त्याला एकदाही मिळालेली नाही. वीस वर्षे दर हिवाळ्यात बॅग भरायची, कुठल्या तरी जिल्ह्याच्या मैदानावर तुरळक लोकांसमोर चेंडू टाकायचा, आणि यादी जाहीर झाली की आपले नाव नाही हे पाहून पुन्हा सरावाला जायचे. ‘तासिका तत्त्व’ या शब्दाचा क्रिकेटमधील अर्थ याहून निराळा नसावा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचा मोसम सुरू झाला तो केरळविरुद्ध तिरुवनंतपुरमला, म्हणजे सक्सेनाच्या जुन्या घरी. आमचे पहिले चारही फलंदाज भोपळा न फोडता परतले. त्यांत शॉ होता, बावणेही होता. आम्ही दोन तासांच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर धावफलक पाहिला आणि तो बिघडला असावा अशी एकमेकांची समजूत घातली. मग ऋतुराज गायकवाड आणि सक्सेना उभे राहिले. ऋतुराजने ९१ केल्या, सक्सेनाने ४९. पन्नासही नाही, एक धाव कमी. पण डाव २३९ पर्यंत गेला आणि केरळचा २१९ वर संपला. सामना अनिर्णित राहिला. वीस धावांच्या त्या आघाडीने महाराष्ट्राला तीन गुण मिळाले, केरळला एक.

शॉची गोष्ट उलट्या टोकाची. सक्सेनाला जे कधी मिळाले नाही, ते याला विशीच्या आत मिळाले. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात शतक. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईकडून आसामविरुद्ध ३७९. निंबाळकरांच्या ४४३ नंतरची रणजीतील सर्वांत मोठी खेळी. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या संघातून बाहेर. पुढच्याच महिन्यातल्या आयपीएल लिलावात कुणी घेतले नाही. यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला हा मुलगा अखेर पहिल्या क्रमांकाच्या घरी आला, तोही स्वतःची डागडुजी करायला. तिरुवनंतपुरमच्या शून्यानंतर चंडीगडविरुद्धच्या पुढच्याच सामन्यात त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा केल्या आणि महाराष्ट्राने तो सामना जिंकला. आमच्यापैकी कायम सेवेतल्याने त्या संध्याकाळी दुसऱ्याला फोन केला. पाहुण्यांविषयी तो काही बोलला नाही. “बघितलंत का, सर?” एवढेच विचारले.

खरे तर ‘आपला’ आणि ‘बाहेरचा’ हा हिशेब आमच्या संघात कधीच चोख नव्हता. विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढल्या आणि पुढे ते बडोद्याचेच झाले. पुण्याचे चंदू बोर्डे बडोद्याकडूनही खेळले आणि महाराष्ट्राकडूनही. विदर्भाला उभे केले ते मुंबईच्या चंद्रकांत पंडितांनी आणि वसीम जाफरने; पण त्यांच्या सोबतीने घडले ते विदर्भाचेच गुरबाणी. मराठीच्या शिक्षकांना हे नव्याने कळावे, याची खरे तर लाज वाटायला हवी. बटाटा आणि पगार हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्यांपैकी पहिल्याशिवाय आमचा उपवास होत नाही आणि दुसऱ्याशिवाय संसार. भाषेत जो राबतो तो आपला होतो. राबणाऱ्याला आपले म्हणायला घरच्यांनी किती वर्षे लावावीत, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून आमची सध्याची आशा मोजूनमापून आहे. करंडक येईल असे आम्ही म्हणत नाही. हैदराबाद विसरलेलो नाही. गायकवाड भारतीय संघात गेला की फळी पातळ होते, हे दिसते. सक्सेना चाळिशीला आला आहे. देवधरांचा दाखला प्रत्येकाला लागू पडत नाही. शॉचे दोनशे बावीस होतील की पुन्हा शून्य, याची हमी आम्ही देणार नाही. पाहुणे निघून गेल्यावर त्यांच्याकडून शिकलेली नाशिक-सोलापूरची मुले मागे उरली, तरच ही बांधणी म्हणायची, नाहीतर ती भाड्याची खोली. पण शून्यावर चार गडी बाद झाल्यावरही डाव २३९ पर्यंत नेता येतो, हे आम्ही पाहिले आहे. आणि इतक्या वर्षांत या संघाने आम्हाला जे नेमके शिकवले नव्हते ते हेच.

अनिर्णित सामन्यातही तीन गुण असतात. एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला गेल्या वेळी सात प्रवेश होते, यंदा अकरा आहेत. विभागाचा जीव त्यावर वाचेल असे नाही. तासिकांचे मानधन वेळेवर येईल असेही नाही. आमच्यापैकी दुसऱ्याने कायम जागेसाठी पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी तो पहिल्याने स्वतः बसून तपासून दिला. काय होते ते पाहू.

हिवाळ्यात गोल्फ क्लबवर पुन्हा सामना मिळाला तर आम्ही जाऊ. पोस्टातले काका त्यांच्या जागी असतील. शेंगदाणे कुणी आणायचे, एवढे ठरायचे राहिले आहे.