अर्धं कपाट

मिरामारचा समुद्र निळा नाही. मांडवी तिथे समुद्राला मिळते, येताना अर्ध्या गोव्याची माती घेऊन येते, आणि पाण्याला दूध जास्त झालेल्या चहाचा रंग असतो. पोहायलाही जागा धड नव्हे. नदीच्या मुखाशी ओढ असते. कुणी कमरेच्या पुढे गेलं की जीवरक्षकाची शिट्टी वाजते. कळंगुट-बागाला असते तशी शॅकची रांग इथे नाही. शहरातल्या माणसांनी संध्याकाळी पाय मोकळे करायला यावं, असा हा किनारा. त्याच्या मागच्या गल्ल्यांत अजून परवडणारी खोली मिळते ती याच कारणाने. ज्याला निळं पाणी हवं असतं तो पूल ओलांडून पलीकडे बार्देशात जातो आणि तिथले दर मोजतो.

मी उतरते ती खोली टोंकच्या बाजूला आहे. पुळण चालत दहा-बारा मिनिटांवर. वाटेत एक क्रूस, एक वाण्याचं दुकान आणि एक कायमचं बंद घर. खोली म्हणजे मूळ घराच्या मागच्या अंगाला जोडलेलं बिऱ्हाड. मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर, लाल कोब्याची जमीन, पलंग, पंखा, दोन खिडक्या. त्यातली एक मालकीणबाईंच्या, म्हणजे आंटींच्या, विहिरीकडे उघडते. ओट्यावर एक शेगडी, चार ताटं आणि सहा कपांच्या सेटमधले उरलेले पाच कप. न्हाणीत निळं पिंप. पिंप रोज भरून ठेवायचं, हा नियम किल्ली हातात द्यायच्या आधी सांगितला जातो. पणजीला पाणी येतं ते खांडेपार नदीकाठच्या ओपाहून, आणि वाटेत जलवाहिनी फुटली की शहर कोरडं. ऑगस्ट 2019 मध्ये, बाहेर मुसळधार पाऊस आणि नळाला थेंब नाही, अशी पणजीकरांची गत झाली होती. त्या दिवसांत आळीतल्या किती घरांना आपल्या विहिरीने पाणी दिलं, हे आंटी अजून नावानिशी सांगतात. विहीर बुजवून गाडी लावायला जागा करा असा सल्ला देणाराही त्या रांगेत होता, हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला दहा बाय बाराची खोली लहान वाटत नाही. उलट, एकटीला एवढी जागा म्हणजे चैनच. मला अडतं ते कपाटाशी. सागवानी, जुनं, दोन दारांचं कपाट. उजवं दार पाहुण्यांचं, डावं कुलूपबंद. त्या बंद दारावर फुटबॉलपटूंची चित्रं चिकटवलेली आहेत, धेंपो क्लब राष्ट्रीय विजेतेपदं घरी आणत होता त्या काळातली. उन्हाने सगळ्यांचे चेहरे निळसर झालेत. आंटींच्या धाकट्या मुलाची ही खोली. तो आता इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तिथे गोवेकर इतके आहेत, की गावच्या फेस्ताची वर्गणी तिथूनही येते असं आंटी म्हणतात. डाव्या दाराआड काय आहे ते मी कधी विचारलं नाही. क्रिकेटची बॅट नसावी एवढं मात्र दारावरच्या चित्रांवरून कळतं.

स्वस्त खोलीच्या जाहिरातीत खाटा किती, पंखा की एसी, किनारा किती अंतरावर, हे सगळं असतं. ही खोली रिकामी कशी झाली, ते नसतं. गोव्यात तर बहुतेक वेळा तोच खरा तपशील असतो. हॉटेलची खोली भाड्याने द्यायलाच बांधलेली असते. घरातली खोली कुणीतरी उठून गेल्यामुळे मोकळी होते. आपण भाडं देतो ते त्या माणसाच्या नसण्याचं.

आणि गोव्यातली माणसं उठून जातात त्यामागे नीट कारणं आहेत. 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मलेल्याला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. ब्रेक्झिट होईपर्यंत तो पासपोर्ट हाती आला, की इंग्लंडात नोकरी करायला वेगळा परवाना लागत नसे. आजोबांचा जन्मदाखला शोधत चर्चच्या नि सरकारी दफ्तरांतून फिरणारी तरुण मुलं पणजीने पुष्कळ पाहिली. त्याच्या आधी आखात होतं, आखाताच्या आधी पूर्व आफ्रिका, आणि या सगळ्याच्या आधीपासून मुंबई.

मागे राहिलेल्या घरांचं काय होतं, ते वाटेतल्या त्या बंद घरावरून समजतं. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंब आणि वारसा यांच्यापुरती आजही चालते. तिच्याप्रमाणे घरात मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्यांना वाटा. न्याय म्हणून हे उत्तमच, आपल्याकडे त्याची वाट किती दशकं पाहावी लागली ते आठवावं. पण तीन पिढ्या गेल्या की एका घराला डझनावारी मालक होतात. एकाची सही लिस्बनला, एकाची टोरांटोत, एकजण कुवेतमध्ये, आणि एका चुलत बहिणीशी कुणाचंच बोलणं नाही. मग घर विकता येत नाही, पाडता येत नाही, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा ते ठरत नाही. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या एकेक करून गळतात, व्हरांड्यात फणसाएवढं वारूळ उभं राहतं. ज्या घरात एक तरी माणूस टिकलं आहे, तिथेच मागची खोली झाडली जाते, चादर बदलली जाते आणि पाहुण्याला दिली जाते. आंटींनी भाडेकरू ठेवले ते पैशांसाठी तर आहेच. पण वापरात नसलेलं कौलारू घर दोन पावसाळ्यांत बसतं, हे त्यांना जास्त माहीत आहे.

मला या खोलीत राहताना धोबीतलाव आठवतो. शाळेच्या वाटेवर जेर महालची इमारत लागायची. तिच्यात गोव्याच्या गावांचे कूड आहेत हे फार उशिरा कळलं. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली खोली. बोटीवर खानसामा, स्ट्युअर्ड, खलाशी म्हणून जाणारे गोवेकर दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे उतरत. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींची स्वयंपाकघरं त्यांच्याच जिवावर चालत. भाडं नाममात्र, आणि त्यात मिळायचं काय, तर एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि रात्री अंथरूण पसरण्यापुरती जमीन. भिंतीशी गावच्या संताचा देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, उशिरा येणाऱ्याला दंड. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोगही 1892 साली मुंबईतच झाला; घरापासून लांब पडलेल्या, संध्याकाळी करायला काही नसलेल्या माणसांच्या गर्दीला रंगभूमी लागतेच.

म्हणजे एके काळी गोव्याचा माणूस कोकणची बंदरं घेत जाणाऱ्या बोटीने मुंबईला यायचा आणि समुद्राजवळ एका ट्रंकेची जागा भाड्याने घ्यायचा. आता मी कोकण रेल्वेने करमळीला उतरते आणि समुद्राजवळ अर्ध्या कपाटाची जागा भाड्याने घेते. तो पोटासाठी यायचा, मी विसाव्यासाठी जाते. त्यामुळे या दोन भाड्यांची बरोबरी लावायला मी धजत नाही. पण आंटींच्या सासऱ्यांची बोटीवरची ट्रंक आमच्या खोलीतच आहे, पलंगाखाली. तिच्यावर मी माझी बॅग ठेवते.

लहान खोलीत माणूस दिवसभर बसत नाही. पहाटे सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो. कोंड्याची पोई अजून गरम असते, ती घेऊन चहा झाला की खोलीत करण्यासारखं काही उरत नाही. मग पणजी. बसने दहा मिनिटांत म्युनिसिपल गार्डनच्या आसपास, आणि तिथल्या कुठल्याही कॅफेत भाजी-पाव. पातळ भाजी की सुकी की दोन्ही मिसळून, एवढाच निर्णय सकाळी घ्यावा लागतो, आणि तोही वेटर आपल्या आधी घेतो. फोंतांइन्यशच्या रंगीत गल्ल्यांत मी हल्ली जात नाही. तिथल्या घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत आणि त्या पाट्यांचेही फोटो निघतात. बेतीच्या फेरीत उगाच चढून पलीकडे जाऊन परत येणं मला जास्त आवडतं. पायी माणसाला तिकीट नाही, नदी मधोमधून दिसते, आणि कामावर जाणाऱ्या मंडळींत आपण बिनकामाचे आहोत हे कुणाच्या लक्षात येत नाही. कॅसिनोची जहाजं मात्र दिसतात. दिवसा त्यांच्यावर कुणी दिवे लावत नाही, आणि दिव्यांशिवाय ती फार केविलवाणी दिसतात.

संध्याकाळ पुळणीवर. मिरामारची पुळण रुंद आहे. ओहोटीला तर पाणी गाठायला चालत जावं लागतं. मागे सुरूची झाडं, त्यांच्या अलीकडे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी. 1973 साली ते गेले, आणि त्यांच्याविषयीचे वाद अजून समाधीसमोरच्या बाकांवर चालू असतात, अर्धे मराठीत, अर्धे कोकणीत. वाद घालणारे दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने वापरतात. समुद्राकडे तोंड केलं की उजवीकडे आग्वाद, पोर्तुगिजांनी 1612 साली उभारलेला किल्ला. पुढे त्याचा तुरुंग झाला, त्यात गोवा मुक्तीसाठी लढलेली माणसं कोंडली गेली, आणि आता तिथे संग्रहालय आहे. डावीकडे काबोचं टोक, त्यावर राज्यपालांचं निवासस्थान. मधल्या उघड्या जागेत सूर्य बुडतो. खनिजाने भरलेले बार्ज पूर्वी इथून एकामागून एक जात, पाण्याबरोबर कड घेऊन, बुडतात की काय वाटावं इतके खोल. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ती रांग तुटली. पावसाळ्यात तसेही ते या वाटेने जात नसत. आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध आणि वर खवळलेला समुद्र, म्हणून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. आमच्या बाकावरचे एक निवृत्त काका हे सगळं सांगतात आणि प्रत्येक वेळी मी नवीनच असल्यासारखं सांगतात. अंधार पडला की हातगाडीवर रस-ऑम्लेट. शाकुतीच्या रश्श्यात बुडालेलं ऑम्लेट, वर कच्चा कांदा, बाजूला पाव. खोलीतली ती एकुलती शेगडी मी चहापलीकडे कधी पेटवलेली नाही.

खोली सर्वांत स्वस्त मिळते ती जूनमध्ये, आणि मला ती तेव्हाच आवडते, हे सांगितलं तर लोक हसतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. ताजं मासळीचं ताट हवं म्हणून येणाऱ्याने येऊच नये. आंटींच्या पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, डब्यांतून मग सुके बांगडे निघतात, गालमो म्हणजे सुका जवळा निघतो, मिठात घातलेल्या कैऱ्या निघतात. कपडे वाळत नाहीत. पुस्तकाची पानं फुगतात, काड्यापेटी पेटत नाही, कपाटाचं माझं दार लाकूड फुगल्यामुळे लागत नाही आणि कुलूपबंद दार आपोआप घट्ट होतं. कौलांवर पाऊस पडू लागला की शेजारच्या खोलीतला माणूसही ऐकू येत नाही. पाऊस जरा उघडला की विहिरीकडच्या खिडकीतून हाक येते, ‘जेवण जालें गो?’ झालं नसेल तर ताट येतं. त्याचे पैसे घेतले जात नाहीत आणि त्याबद्दल बोललेलंही आंटींना खपत नाही. भाड्याचे मात्र त्या माझ्यासमोर दोनदा मोजून घेतात.

त्यांचे दर कसे ठरतात ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी इफ्फी हा चित्रपट महोत्सव भरतो, 2004 पासून तो पणजीत आहे, तेव्हा आजूबाजूचे सगळे दर चढतात. आंटी सिनेमा शिकणाऱ्या पोरांना नेहमीच्याच दरात खोली देतात, तिघांना एकत्र राहू देतात आणि वर रात्री उशिरा येतात म्हणून ओरडतात. नाताळात तर मिरामारला उकिरड्याशेजारची खोलीसुद्धा तिप्पट भावाने जाते. मी एकदा तेव्हासाठी विचारलं. वाढीव भाडं द्यायचीही तयारी दाखवली. आंटी नाही म्हणाल्या.

‘डिसेंबरात ही खोली नाही देत. पोर येतो.’

‘दर वर्षी येतो?’

‘गेल्या वर्षी रजा नाही मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी तिकीट महाग झालं.’

‘म्हणजे खोली रिकामीच राहिली?’

‘रिकामी कशी? मी चादर घातली होती.’

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. 6 जानेवारीला पलीकडे रेइश मागुशला तीन राजांचं फेस्त. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून खोली माझी, नेहमीच्या दराने, आणि अर्धे पैसे आगाऊ.