ताप उतरला, मग सुई कशाला?

लघवीला जळजळ होते, हे आपण बायका कुणाला सांगतो? नवऱ्याला सांगायला संकोच, आणि सासूबाईंना सांगावं तर "उष्णता झाली असेल, सब्जा घे" हे उत्तर ठरलेलं. पाणी भरपूर प्यावं हे खरंच. पण आत जंतूंनी ठाण मांडलं असेल, तर नुसत्या सब्जानं ते हलत नाहीत.

आमच्या म्हशाला पौष पौर्णिमेला म्हसोबा खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, पाळणे आणि घरोघर पाहुणे! गेल्या यात्रेत माझी धाकटी जाऊ दिवसदिवस चुलीपुढे. संडासापुढे सतत कुणी ना कुणी उभं, म्हणून हिनं पाणीच कमी केलं. आधी जळजळ, मग दोन दिवसांनी हुडहुडी भरून ताप, उलट्या आणि कमरेच्या वर एका बाजूला ठणका. तिला मुरबाडला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सुई टोचण्याआधी लघवी तपासायला घेतली. पहिली धार सोडून मधली, स्वच्छ बाटलीत. हे लक्षात ठेवा बरं का! अँटिबायोटिक सुरू झाल्यावर लघवी दिली, तर जंतू सापडायचे राहून जातात. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजानं इंजेक्शन सुरू झालं. रिपोर्टात ई-कोलाय निघाला. नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देणारा नव्हता, पण सुरू केलेलं इंजेक्शन त्याला लागू होतं. रोज एक, असे सात दिवस.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि घरात खल सुरू झाला. "आता सुई कशाला? रोज एसटीनं मुरबाडला हेलपाटे, वर औषधाचा खर्च," असं घरचे म्हणू लागले. शेजारच्या काकूंचं उलटंच. त्यांच्या भावजयीनं पंधरा दिवस घेतली होती, म्हणून सातानं काय होणार! जाऊ बिचारी मुकाट. आपल्यापायी खर्च नको, असंच तिला वाटत होतं. शेवटी मी तिच्याबरोबर गेले आणि डॉक्टरांनाच विचारलं.

ते म्हणाले, दुखणं नुसतं मूत्राशयाचं असेल, ताप नसेल, तर बहुधा इंजेक्शन लागतच नाही. नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्या पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची एकच मात्रा पुरते. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले, की ताप आणि थंडी येते. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नाही, तेव्हा सुई लागते. पण ताप उतरला, खाणंपिणं सुरू झालं आणि रिपोर्टात चालणारी गोळी असली, तर उरलेले दिवस गोळीवर काढता येतात. हिला चालणारी गोळी नव्हती, म्हणून इंजेक्शनच पुरं करायचं.

आणि सातच का? पूर्वी दहा ते चौदा दिवस देत. अलीकडच्या अभ्यासांत दिसलं, की औषध लागू पडून रोगी लवकर सुधारला, तर सात दिवस पुरतात. मोजायचं ते लागू पडणाऱ्या औषधाच्या पहिल्या दिवसापासून, आणि गोळ्यांचे दिवसही त्यातच धरायचे. मुतखडा, अडथळा किंवा आत पू असेल, तर हिशेब वेगळा. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर परत दाखवायचं, सोनोग्राफी लागते.

अर्ध्यावर सोडलं तर दुखणं उलटतं. उगाच लांबवलं तर जुलाब होतात आणि अंगातले जंतू औषधाला सरावतात. अमिकासिनसारखं इंजेक्शन जास्त दिवस घेतलं तर मूत्रपिंडाला आणि कानांना इजा करू शकतं. म्हणून काकूंच्या भावजयीचे पंधरा दिवस आपल्याला लागू नाहीत, आणि तिची जुनी चिठ्ठी तर नाहीच नाही. अशा बऱ्याच जालीम औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदारानं वहीत ठेवायची, असा २०१४ पासून नियम आहे, तो उगाच नव्हे.

दोन गोष्टी आणखी. दिवस गेलेल्या बाईनं जळजळ अंगावर काढू नये. तिच्या लघवीत जंतू वाढलेले निघाले, तर त्रास नसतानाही उपचार करावे लागतात. उलट घरातल्या आजींना काही त्रास नाही आणि रिपोर्टात नुसते जंतू दिसले, तर बहुधा औषधाची गरज नसते.

जाऊनं सातही दिवस पुरे केले. पाचव्या दिवशी घरात पुन्हा कुरबुर झाली, तेव्हा ती पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली, "दोनच राहिलीत, मी जाऊन येते." आणि छत्री काखेत मारून एकटी एसटीला गेलीसुद्धा!

तेव्हा मैत्रिणींनो, सुई घ्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना सरळ विचारा: एकूण दिवस किती, आणि गोळीवर कधी येता येईल? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. मग घरात कुणी "आता पुरे" म्हणालं, तर ती चिठ्ठी पुढे करता येते.