शिर्डीजवळ, कालव्याकाठी

शिर्डीच्या गर्दीत दुपारी जीव कासावीस झाला, तेव्हा आम्ही राहात्याच्या एस.टी.त बसलो. पाचेक किलोमीटरचा रस्ता. गोदावरीच्या उजव्या कालव्यावर बाभळीखाली शिदोरी सोडली. आवर्तन चालू होते, पाणी संथ वाहत होते. बसायला पैसा लागत नाही, हे विशेष.

इगतपुरीकडच्या दारणा धरणाचे (१९१६) पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर अडते आणि तेथून कालव्यात शिरते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातही घरांसमोर कालवे आहेत म्हणे. पण त्या देशाचा खटाटोप सखल जमिनीतले जादा पाणी बाहेर काढण्याचा. इथे उलट. कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत, मग उसाला आणि पेरूच्या बागांना. ज्याची जमीन, त्याचे पाणी. पेरू तोडणाऱ्या आयाबायांच्या वाट्याला फक्त रोज. आवर्तन लांबले, बाग सुकली की तोही बुडतो. त्यांनीच आमच्या पोरांच्या हातावर दोन पेरू ठेवले, पैसे काही घेईनात.

पोरांना मात्र पाण्यात उतरू देऊ नका. काठ निसरडा, ओढ फसवी. आणि निघण्यापूर्वी स्टँडवर कुणालाही विचारा, "पाटाला पाणी आहे का?" आवर्तन नसेल तर पाट कोरडा असतो.