व्हॅलेटा : तटाआतले टाके आणि पेव

भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या दक्षिणेस माल्टा हे लहानसे बेट आहे. व्हॅलेटा ही त्याची राजधानी. स्लीमा गावाहून निघालेली प्रवासी नाव खाडी ओलांडू लागते, तेव्हा समोर फिक्या हळदी रंगाच्या दगडांचा उंच तट उभा राहतो. घरे, देवळे, पायऱ्या, बुरूज सारे एकाच चुनखडीचे. खडक कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते, हे क्षणभर कळतही नाही.

या नगराचा जन्म युद्धातून झाला. १५६५ मध्ये ऑटोमन सैन्याने माल्टाला वेढा घातला. सेंट जॉनच्या सरदारसंघाने आणि बेटावरील रहिवाशांनी तो सुमारे चार महिने सोसला व परतवला. पुन्हा अशी वेळ आल्यास बचाव व्हावा म्हणून संघप्रमुख ज्याँ द ला व्हॅलेट यांनी २८ मार्च १५६६ रोजी ओसाड टेकडीवर नव्या नगराची पायाभरणी केली. इटलीहून आलेल्या फ्रान्चेस्को लापारेल्ली यांनी आराखडा आखला. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आजही तसेच आहेत. उतरत्या गल्लीच्या टोकाशी बहुधा समुद्राची निळी पट्टी दिसते.

पर्यटक प्रथम अप्पर बराक्का उद्यानात जातात. खाली विशाल बंदर, पलीकडे सेंट अँजेलोचा किल्ला आणि दुपारी बाराला सुटणारी तोफ. नंतर सेंट जॉनचे प्रार्थनामंदिर पाहावे. बाहेरून साधे, आत सोन्याने झळाळणारे. जमिनीवर सरदारांच्या सुमारे चारशे संगमरवरी समाधिशिला आहेत.

परंतु या नगराचे खरे बळ नजरेआड आहे. माल्टात एकही मोठी नदी नाही. म्हणून येथे घर बांधणाऱ्याने पावसाचे पाणी साठविण्यासाठी टाके खोदावे, असा सुरुवातीपासून नियम होता. खोदून निघालेला दगड त्याच घराच्या भिंतींना उपयोगी पडे. पुढे १६१५ मध्ये दूरच्या झऱ्यांचे पाणी दगडी पाटाने नगरात पोचले. वेशीबाहेर फ्लोरियाना येथील चौकात दगडी झाकणांच्या गोल रांगा दिसतात. ती धान्याची पेवे होत. अनेक प्रवासी त्यांना बसायचे ओटे समजून पुढे जातात.

इतिहासाने या तटाची परीक्षा वेगळ्याच रीतीने घेतली. जून १७९८ मध्ये नेपोलियनचे आरमार आले आणि हा अभेद्य मानलेला कोट काही दिवसांतच, जवळजवळ न लढता, हाती लागला. संघातील अनेक सरदार स्वतःच फ्रेंच होते आणि संघाची एकजूट आधीच सैल झाली होती. जुन्या रुग्णालयात रुग्णांना चांदीच्या ताटांतून जेवण देण्याची प्रथा होती; ती चांदीही फ्रेंचांनी वितळवली. चर्चमधील लूट सुरू होताच माल्टी जनता उठली. मग त्याच तटाआड फ्रेंच सैन्य दोन वर्षे कोंडले गेले आणि १८०० मध्ये उपासमारीने शरण आले. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षाव आणि धान्यटंचाई एकत्र आली. ऑगस्ट १९४२ मध्ये खिळखिळे झालेले 'ओहायो' हे तेलवाहू जहाज दोरांनी ओढत बंदरात आणले गेले, तेव्हा बेटाला दिलासा मिळाला. तोफांपुढे टिकलेला तट विश्वास गेल्यावर टिकला नाही आणि कोठार रिकामे झाल्यावरही टिकला नाही. पेढी चालविणाऱ्या घराला हा हिशेब नवा वाटणार नाही.

व्यापाराचा धागा भारतापर्यंतही पोचतो. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर हे बंदर पूर्वेकडील मार्गावर आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंधमधील हैदराबादचे व्यापारी रेशमी कापड व पौर्वात्य कलावस्तू घेऊन येथे आले. त्यांनी पेढ्या मांडल्या, आणि त्यांच्यापैकी काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांदली.

शाकाहारी प्रवाशाने थोडी सावधगिरी बाळगावी. 'पास्तिझी' ही पदरदार पुरचुंडी रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण भरून मिळते. पण पिठात प्राणिज चरबी आहे का आणि सारणात कांदा आहे का, हे विचारूनच घ्यावी. ऑलिव्ह, टोमॅटो, पाव आणि फळे मात्र सहज मिळतात.

नगर पायी फिरायला एक दिवस पुरतो. परतताना वेशीबाहेरच्या त्या दगडी झाकणांपाशी थोडे थांबावे. उंच बुरुजांची छायाचित्रे सर्वच काढतात. पण त्या बुरुजांवर पहारा करणाऱ्यांचे पोट ज्या धान्यावर चाले, ते याच झाकणांखाली साठवलेले असे.